शिरोळच्या आईचा तंटा
गुरुचरित्राच्या विसाव्या-एकविसाव्या अध्यायाचे एक वाचन

गुरुचरित्राचे सप्ताह-पारायण करण्याचे दोन क्रम आपल्याकडे रूढ आहेत. एका क्रमात दुसऱ्या दिवसाचे वाचन अठराव्या अध्यायावर थांबते, दुसऱ्यात ते एकविसाव्यावर थांबते. वाचणाऱ्याला हा फरक केवळ सोयीचा वाटतो. पण पहिल्या घरात त्या रात्री माणसे घेवड्याचा वेल आणि त्याखाली सापडलेला धनाचा हंडा मनात घेऊन झोपतात, तर दुसऱ्या घरात मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली शिरोळची आई. संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचे, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे या दोन गोष्टींत आहेत. एकाच ग्रंथात, तीन अध्यायांच्या अंतराने आणि एकाच नदीकाठावर ती येतात. माझ्या मते पहिले उत्तर सोपे आणि धोक्याचे आहे. दुसरे अवघड आहे आणि म्हणूनच कथेकरी ते भराभर उरकतात.

गुरुचरित्राकडे मराठी समीक्षेने साहित्य म्हणून फारसे पाहिलेले नाही. रा. चिं. ढेरे यांच्या 'दत्त संप्रदायाचा इतिहास'सारख्या ग्रंथाने संप्रदायाची घडण उलगडली, पण पोथीची गोष्ट सांगण्याची रीत, तिच्यातले संवाद आणि पात्रे यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. त्याचे एक कारण उघड आहे. ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवले की सरस्वती गंगाधराची ओवी रोडकी दिसते. उपमांची आरास तिच्यात नाही आणि शब्दांचा तोलही अनेकदा ढळतो. ग्रंथकाराचे घर कानडी मुलखातले. नृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव कडगंचीचे, आणि त्यांच्या वंशातला हा लेखक. मराठी ही आपली घरची भाषा नव्हे, असे तो स्वतःच सांगतो. दुसरे कारण असे की ही पोथी सोवळ्यात राहिली. जी वस्तू हात धुऊन, आसन घालून, ठरल्या वेळी वाचायची, तिच्याशी वाद घालण्याची सवय वाचकाला लागत नाही. गंमत अशी की त्या पोथीच्या ऐन मध्यावर एक बाई देवाशी कडाडून वाद घालते आहे.

भूगोल थोडा सांगायला हवा, कारण या गोष्टींना पत्ता आहे. कोल्हापुराजवळ प्रयाग चिखलीला प्रवाह एकत्र येऊन झालेली पंचगंगा शहराला वळसा घालून पूर्वेला जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नृसिंह सरस्वतींनी कृष्णाकाठी औदुंबरला एक चातुर्मास काढला आणि पुढे परंपरेप्रमाणे बारा वर्षे या संगमावर राहिले. मग ते गाणगापुरास गेले. औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर आणि गाणगापुरास निर्गुण, अशी तीन नावे भाविकांच्या तोंडी असतात. घेवड्याच्या वेलाची गोष्ट घडते ती अमरापुरात. संगमाजवळचे औरवाड हेच ते अमरापूर, असे तिथले लोक सांगतात. शिरोळ तिथून तास-दीड तासाच्या चालीवर आहे. सतराव्या अध्यायातला जो मंदबुद्धी मुलगा लोकांच्या टोमण्यांना कंटाळून घर सोडतो आणि भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे आपली जीभ कापून ठेवतो, तो तर करवीरचाच, म्हणजे आमच्या गावचा.

आता घेवड्याची गोष्ट. एक गरीब ब्राह्मण आहे. कोरान्न मिळाले नाही त्या दिवशी दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांवर घर भागते. श्रीगुरू भिक्षेला येतात. घरात दुसरे काहीच नसल्याने शेंगांचीच भाजी वाढली जाते. गुरू तृप्त होतात, आशीर्वाद देतात आणि जाताना तो वेल मुळासकट उपटून टाकतात. बायको रडू लागते. आपण या यतीचे काय वाकडे केले होते, की त्याने आपल्या पोटावरच पाय द्यावा, असा तिच्या रडण्याचा आशय आहे. नवरा तिला दटावतो, प्रारब्धाचा पाठ देतो आणि तिला गप्प करतो. मग वेलाचे मूळ काढायला तो खणू लागतो तर खाली धनाने भरलेला हंडा लागतो. दोघे गुरूंकडे धावतात. ही गोष्ट कोणाला सांगू नका, असे गुरू बजावतात.

गोष्ट म्हणून ती पक्की बांधलेली आहे. लहानपणी ऐकलेला माणूस ती विसरत नाही. पण तिच्यात दुःखाला उभे राहायला जागा किती आहे, ते पाहा. वेल उपटल्यापासून हंडा लागेपर्यंतचा काळ फार थोडा आहे. त्या वेळात बाईला रडू दिले जाते ते केवळ तिचे रडणे चूक होते हे पुढे सिद्ध व्हावे म्हणून. हंडा मिळाल्यावर तिचे दुःख हे दुःख राहत नाही, अज्ञान ठरते. नवऱ्याचा पाठ बरोबर ठरतो, आणि तो केवळ हंड्यामुळे ठरतो. कुदळ खडकाला लागली असती तर त्याच पाठाला त्या घरात कोणी विचारले असते?

आमच्या भागात ही गोष्ट म्हणीसारखी वापरली जाते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची खूण ओलांडली. तिथे ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आहे आणि ४३ फूट धोक्याची, यावरून अंदाज यावा. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे उठवावी लागली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर मदतीच्या वाटपाच्या ठिकाणी, चिखलाने भरलेल्या घराच्या दारात उभे राहून, "वेल उपटला म्हणजे हंडा निघणार" असे समजावणारी माणसे मी पाहिली. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बोलणारे सगळे कोरड्या घरांतून आलेले होते. ज्यांचे जनावर दाव्याला बांधलेले राहिले आणि वाहून गेले, त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून मी हे वाक्य ऐकले नाही.

शिरोळची गोष्ट वाचायची ती ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून.

विसावा अध्याय सुरू होतो तेव्हा श्रीगुरू वाडीहून निघून गेलेले आहेत. एकोणिसाव्या अध्यायात योगिनी त्यांना जाऊ नका म्हणून विनवतात, तेव्हा आपण या औदुंबरापाशी गुप्तपणे राहूच, असे वचन ते देतात. पुढे नामधारक सिद्धाला विचारतो की गुरू गेल्यावर त्या जागी काही अनुभव कोणाला आला का? म्हणजे कथेची मांडणीच कसोटीची आहे. माणूस समोर नाही. एक झाड आहे, दगडी पादुका आहेत आणि दिलेला शब्द आहे. त्या शब्दाला काही अर्थ आहे का, एवढाच प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर म्हणून सिद्ध शिरोळच्या गंगाधर नावाच्या ब्राह्मणाच्या बायकोची हकीकत सांगतो.

तिची पाच मुले जन्मून मेलेली आहेत. एक जाणता ब्राह्मण तिला कारण सांगतो. मागच्या जन्मी तिने शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाचे शंभराचे ऋण बुडवले, त्याने जीव दिला, तो पिशाच झाला आणि तिची मुले नेतो आहे. उपाय असा की त्याचे उत्तरकार्य करायचे, त्या गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर द्यायचे आणि महिनाभर संगमावर स्नान करून औदुंबराची सेवा करायची. बाईकडे शंभर नाहीत. अंगमेहनतीची सेवा मात्र ती करते. स्वप्नात पिशाच येऊन पैसे मागते, अंगावर धावून येते. ती औदुंबराकडे पळते. तिथे तिला गुरू दिसतात, आणि मग जे घडते ते मला या ग्रंथातल्या अत्यंत मानवी प्रसंगांपैकी एक वाटते. गुरू पिशाचाला जाळून भस्म करत नाहीत. ते मध्यस्थी करतात. हिच्याने होईल तेवढे घे, असे त्याला पटवतात. सावकार आणि कूळ यांच्यामध्ये गावातला एखादा भला म्हातारा बसावा तसे ते दोघांमध्ये बसतात. तडजोड होते, तेही सुटते आणि हीही सुटते. पुन्हा स्वप्नात तिच्या ओटीत नारळ पडतात आणि यथाकाल दोन मुलगे होतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती. कर्ज होते, ते फिटले, फळ मिळाले. पण सरस्वती गंगाधर पुढे जातो. मुलांच्या संस्कारांची तयारी चाललेली असताना त्यांतल्या एकाला धनुर्वात होतो आणि तीन दिवसांत तो मरतो.

या सहाव्या मृत्यूपाशी वाचकाने थांबायला हवे. पहिल्या पाच मृत्यूंना पोथी कारण देते, हिशेब देते, रक्कमसुद्धा देते. सहाव्याला तसले कारण नाही. ऋण फेडून झाले आहे, पिशाच मार्गाला लागले आहे आणि वचन खुद्द गुरूंनी दिले आहे. आता मुलगा का मेला? उत्तर म्हणून ग्रंथात येते ते फक्त 'प्रारब्ध', आणि तेही एका वाटसरू उपदेशकाच्या तोंडून. मला वाटते, ग्रंथकाराने हे जाणून केले आहे. हिशेबाने समजावता येणारे दुःख आधी संपवून टाकायचे आणि मग ज्याला हिशेब लागू पडत नाही असे दुःख त्याच बाईच्या पुढ्यात ठेवायचे. साधे चमत्कार सांगणारा लेखक असा उलटा रस्ता धरत नाही.

मग येतो तिचा विलाप. रोडकी ओवी इथे एकदम भरते. ती नुसती रडत नाही, आरोप ठेवते. तिच्या बोलण्यात दाखल्यांमागून दाखले येतात आणि ते सगळे एकाच जातीचे आहेत. जीव वाचवायला ज्याच्या आश्रयाला जावे त्यानेच जीव घ्यावा. उन्हाने पोळलेल्याने झाडाखाली यावे आणि झाडच अंगावर पडावे, तहानेल्याने पाण्याकडे जावे आणि पाण्यातल्याच जनावराने त्याला धरावे. या दाखल्यांचा रोख चुकवता येत नाही. संकटाने मारले तर ती तक्रार करणार नाही, तिची तक्रार आसऱ्याविरुद्ध आहे. देव नाही असे ती एकदाही म्हणत नाही. देव आहे, त्याने मला शब्द दिला आणि तो मोडला, असे तिचे म्हणणे आहे. नास्तिकाला असले भांडण करता येत नाही, आणि भित्र्या आस्तिकाला ते करवत नाही.

प्रेत नेऊ देत नाही म्हणून गाव ताटकळले आहे. तेवढ्यात एक ब्रह्मचारी येतो. एकविसाव्या अध्यायाचा आरंभ त्याच्या उपदेशाने होतो. देह पंचभूतांचा, नाती मायेची, कोण कोणाचा पुत्र आणि कोण कोणाची माता, जन्मले ते जाणारच. यातले एकही वाक्य वेदान्ताच्या दृष्टीने चूक नाही. आपल्याकडे दहाव्या-बाराव्याला जमलेली माणसे आजही हेच बोलतात, आणि गुरुचरित्र वाचून बोलतात. अठराव्या अध्यायात नवऱ्याने हाच पाठ दिला तेव्हा बाई गप्प झाली होती. शिरोळची बाई गप्प होत नाही. ती उलट विचारते की प्रारब्धच खरे असेल, जे व्हायचे ते होणारच असेल, तर गुरूची सेवा कशाला करायची? मी भरवसा ठेवला तो प्रारब्ध बदलेल म्हणूनच ना?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभणारा आहे. पोथी तो एका प्रेतजननीच्या तोंडी घालते आणि ब्रह्मचाऱ्याला त्याचे उत्तर देता येत नाही, हे मला विशेष वाटते. तो उपदेश आवरता घेतो आणि सांगतो की जिथे तुला वर मिळाला, तिथेच हे प्रेत घेऊन जा. हा ब्रह्मचारी म्हणजे वेषांतर केलेले श्रीगुरूच, अशी समजूत भाविकांत आहे. ती धरली तर प्रसंग आणखी खोल जातो. गुरू स्वतः येऊन तिला ज्ञान सांगून पाहतात, ती ते नाकारते, आणि ते तिला आपल्याच दारात फिर्याद घेऊन यायला सांगतात.

बायबलातल्या ईयोबाची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, सगळे एका दिवसात जाते. अंगावर गळवे उठतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सांत्वनाला येतात, सात दिवस मुकाट बसतात आणि तोंड उघडल्यावर मात्र त्याचाच दोष शोधू लागतात: तुझे काहीतरी पाप असणार, देव अन्याय करत नाही. ईयोब ऐकत नाही. मला देवाशीच बोलायचे आहे, असे तो धरून बसतो. ४२ अध्यायांच्या त्या ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर मित्रांवर कोपतो आणि ईयोबच माझ्याविषयी योग्य ते बोलला, असा निवाडा देतो. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. शिरोळच्या गोष्टीचा निवाडा हाच आहे. दोन ग्रंथांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे मला सुचवायचे नाही. दूरच्या दोन मुलखांतल्या माणसांनी दुःखातल्या खऱ्या बोलण्याची पारख सारखीच केली, एवढेच मी म्हणतो.

फरकही मोठा आहे. ईयोबाला परत मिळते ते दुप्पट: चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट. मुले मात्र दुप्पट नाहीत, पुन्हा सात आणि तीनच, आणि ती नवी आहेत. जुनी दहा मेलेलीच राहतात. नव्या तीन मुलींची नावे तो ग्रंथ कौतुकाने सांगतो, पण मेलेल्या दहांपैकी एकाचेही नाव तो सांगत नाही. शिरोळच्या आईला दुसरा मुलगा होताच. आणखीही झाला असता. तिला तो नको आहे. तिला हाच हवा, जो मेला तो. भरपाई आणि परत मिळणे यांतला भेद या बाईला जितका स्वच्छ कळला आहे तितका ईयोबाच्या ग्रंथकाराला कळला नव्हता, असे मला वाटते. पुरानंतर घराच्या पंचनाम्याचा कागद हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही हा भेद कळतो.

याउलट टोकाला तुकाराम. १६३०च्या आगेमागे पडलेल्या मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि संतू हा मुलगा गेला, व्यापार बुडाला, लोकांत मान गेला. यातले काही परत आले नाही, आणि ते परत मागितल्याचेही त्यांच्या अभंगांत दिसत नाही. उलट एका अभंगात ते ही सगळी हानी एकेक करून मोजतात आणि प्रत्येकीला बरे झाले म्हणतात. हा अभंग भोगून आलेल्याचा आहे, म्हणून तो पेलतो. तोच दुसऱ्याला ऐकवला की त्याचा घेवडा होतो. महिपतींनी १७६२मध्ये 'भक्तविजय' पुरा केला. त्या ग्रंथात आणि त्यांच्या पुढच्या 'भक्तलीलामृता'त भक्तांच्या हानीची भरपाई देव बहुधा चोख करतो. गोऱ्या कुंभाराचे तुडवले गेलेले मूल परत येते, दामाजीपंतांनी वाटलेल्या धान्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने बिदरास पोचते. कीर्तनाला अशा गोष्टी लागतात. पण अभंग आणि चरित्र यांच्यामधली ही दरी आपल्या समीक्षेने जितकी मोजायला हवी तितकी मोजलेली नाही. संताच्या तोंडी न मिटलेला आक्रोश असतो आणि त्याच्या चरित्रकाराच्या तोंडी मिटलेली गोष्ट. शिरोळच्या कथेचे मोल हे की तिच्यात दोन्ही एकत्र आहेत. चमत्कार तर होतोच, पण आक्रोश खोडून काढला जात नाही.

चमत्काराचा भाग पोथी कसा सांगते, तेही पाहण्यासारखे आहे. बाई प्रेत घेऊन औदुंबराशी येते आणि पादुकांवर कपाळ आपटते, रक्ताने पादुका भिजतात. संध्याकाळ होते. गावकरी दहनासाठी प्रेत मागतात, ती देत नाही. रानातली जागा, रात्रीचे भय. माणसे सकाळी येतो म्हणून घरी जातात. या गावकऱ्यांना पोथी दुष्ट ठरवत नाही. ती दमलेली, भ्यालेली, साधी माणसे आहेत. मागे दोघे उरतात आणि मूल. उत्तररात्री तिचा डोळा लागतो. स्वप्नात जटाधारी, भस्म लावलेला योगी येतो. तो तिला रागे भरत नाही, तिच्या शिव्याशापांचा हिशेब मागत नाही. का आक्रोश करतेस, असे विचारतो आणि कामाला लागतो: मुलाच्या अंगाला भस्म लावतो, नाकपुड्यांतून वारा भरतो. ती जागी होते तर अंग ऊन लागते आहे. मूल उठून दूध मागते आणि तिला पान्हा फुटतो. सकाळी लोक दहनाच्या तयारीने येतात.

इथे कोणताही पाठ नाही. तू चुकलीस असे कोणी तिला म्हणत नाही.

आणि तरी एक जागा उघडी राहते. ती मला दाखवली माझ्या आत्याने. आमच्या घरी मार्गशीर्षात सप्ताह होई, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत असे, कारण बायकांनी पोथीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. एकविसावा अध्याय संपून आरती झाल्यावर तिने वाचणाऱ्या काकांना विचारले, "एक उठला, ते बरंच झालं. पण आधीच्या पाचांचं काय?" काका म्हणाले, त्यांचे ऋण होते. आत्या म्हणाली, "ऋण तिचं होतं. पोरांनी काय घेतलं होतं?" काकांनी पोथी बांधली. आत्याची स्वतःची दोन लहानपणीच गेली होती.

मी या प्रश्नाचे उत्तर पोथीत बरेच शोधले. पाचांबद्दल पुढे एक शब्दही नाही. मात्र हिशेबाचा धागा ग्रंथकाराच्याही मनाला टोचत असावा, असे तिसाव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या गाणगापुरच्या कथेवरून दिसते. माहूरची एक बाई आजारी नवऱ्याला घेऊन निघते, गाणगापुरास पोचते आणि तिथे तो मरतो. तिथेही कोणी येऊन तिला ज्ञान सांगतो, तिथेही अखेर मेलेला उठतो. पण या वेळी जमलेल्यांतला एकजण शंका काढतो की ब्रह्मदेवाने कपाळी लिहिलेले बदलले कसे? गुरू उत्तर देतात ते हिशेबाचे: पुढच्या जन्मीच्या आयुष्यातली तीस वर्षे मागून घेतली. म्हणजे लिहिलेले खोडले नाही, पुढची उचल घेतली. कथा म्हणून मला हे उत्तर शिरोळच्या मौनापेक्षा फिके वाटते. तिथे शंका विचारणारा बघ्या होता, म्हणून त्याला जमाखर्च दाखवून भागले. शिरोळला विचारणारी आई होती. तिच्या प्रश्नाला ग्रंथकाराने जमाखर्च दिला नाही, हा त्याच्या लेखकपणाचा पुरावा मी मानतो. पाचांचा प्रश्न मात्र त्याने टाळला, आणि तो टाळला असेच म्हटले पाहिजे.

बायकांनी ही पोथी वाचू नये, हा दंडक आता पुष्कळ घरांत सैल झाला आहे, काही घरांत अजून कडक आहे. त्यामागची कारणे सांप्रदायिक लोक सांगतात, ती मी ऐकली आहेत. ग्रंथ वाचणाऱ्याला मात्र विसंगती लपत नाही. शेंगांच्या वेलासाठी रडणारी, सहावे मूल गमावलेली, माहूरहून आलेली, आणि एकोणचाळिसाव्या अध्यायात साठीच्या वयात अपत्य मिळवणारी, या साऱ्या बायका काढून घ्या आणि मग किती गुरुचरित्र उरते ते पाहा. ग्रंथातले बहुतेक खरे प्रश्न त्यांनी विचारले आहेत, आणि ते मोठ्याने वाचायचा अधिकार पुरुषांकडे राहिला. माझा असा अनुभव आहे की पुरुष वाचक विलापाच्या ओव्या घाईने म्हणतात आणि ब्रह्मचाऱ्याचा उपदेश संथ लावतात.

वाडीला दर पावसाळ्यात एक सोहळा होतो. कृष्णेचे पाणी चढून मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात. या पाण्यात स्नान करायला कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. देवालाही पूर चुकत नाही, त्याच्याही दारातून पाणी जाते, हे त्या सोहळ्यात दिसते, आणि म्हणून तो मला कधी भाबडा वाटला नाही. पण २०१९मध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत ते पाणी दक्षिणद्वारावर थांबले नाही. त्याच पाण्यात स्नान करणाऱ्यांची घरे त्याच पाण्याने नेली. त्यानंतरच्या पावसाळ्यांतही दक्षिणद्वार झाले आणि त्याच गावांतली माणसे पुन्हा स्नानाला आली. त्यांना कोणी अंधश्रद्ध म्हटले, कोणी त्यांच्या श्रद्धेचे गोडवे गायले. मी त्यांतल्या काहींशी बोललो. गंगेला आई म्हणणारी एक म्हातारी न्हाऊन ओल्या लुगड्याने पायरीवर उभी राहून नदीला सरळ शिव्या देत होती, आणि मध्येच थांबून तिला हळदकुंकू वाहत होती.